काळं कापड

आमच्या वस्तीतल्या आजीनं पडद्याला हात जोडले आणि माझी पार जिरली. कसं ते सांगतो.

मी जिनिंगमध्ये कामाला. रुई, सरकी, गाठी. नाकातोंडात कापूस. शाळा दहावीलाच सुटली, पण सिनेमाचा नाद सुटला नाही. त्यातही ट्रिकसीनचा. माणूस गायब कसा होतो, एकाचे दोन कसे होतात, हे कळल्याबिगर झोप येईना. शिकवणारं कुणी नव्हतं. पाळी सुटली की मोबाईल घेऊन बसायचं, चुकायचं, परत करायचं. असाच शिकलो.

दोस्तांनो, ही विद्या वाटते तेवढी अवघड नाही. कॅमेरा घट्ट बसवा. माणूस उभा करा. कॅमेरा थांबवा, माणसाला बाजूला काढा, पुन्हा चालू करा. बघणाऱ्याला वाटतं, माणूस हवेत विरला. मेलिएस नावाच्या फ्रेंच जादूगारानं १८९६ साली अशीच एक बाई गायब करून दाखवली. मधला तुकडा लोकांना दाखवला नाही, एवढंच.

आपल्याकडं फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेत राहिले. कित्येक दिवसांचं वाढणं पडद्यावर भराभरा दिसलं.

तिसरी युक्ती काळ्या कापडाची. फिल्मवर उजेड उमटतो, काळं उमटत नाही. मागं काळं कापड लावून चित्र घ्यायचं, फिल्म उलटी गुंडाळायची, तिच्यावरच दुसरं चित्र घ्यायचं. काळ्याच्या जागेत दुसरं येऊन बसतं. बाबूभाई मिस्त्रींनी १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त काळ्या पडद्यापुढं काळ्या दोऱ्यानं वस्तू नाचवल्या. लोक त्यांना ‘काला धागा’च म्हणायला लागले. वस्तू दिसते, दोरा दिसत नाही. हे कळलं तेव्हा मला आमच्या जिनिंगमधले हमाल आठवले. गाठ दिसते, पाठ दिसत नाही.

तर १४ एप्रिल आला. पोरांनी ठरवलं, जयंतीला आपली फिल्म दाखवायची. पाच मिनिटांची. एक पोरगं रात्री दिव्याखाली वाचत बसलंय, आणि त्याच्या मागं हळूहळू बाबासाहेब उभे राहतात. मंडपवाल्याकडून काळं कापड आणलं. त्यावर बाबासाहेबांचा फोटो लावून शूट केला. मोबाईलमध्ये ते चित्र पोराच्या चित्रावर चढवलं, काळं काढून टाकलं. फोटो धुरातून आल्यासारखा यायला लागला. आम्ही जाम खूश.

विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर बांधली. वस्ती जमली. तो सीन आला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि आजी उठली. जिच्या सासऱ्यानं घरातले देव कयाधूत सोडले, जिनं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात हळद काढली, ती आजी. हात जोडून म्हणाली, “आले रे माय, बाबासाहेब आले.”

दोस्त माझ्या कानात म्हणाला, “बघ, भिडलं! अजून काय पायजे?”

मला त्या रात्री झोप आली नाही. १९१७ साली फाळक्यांचा ‘लंकादहन’ आला. पडद्यावर राम आला की लोक वहाणा काढायचे म्हणतात. तो राम म्हणजे अण्णा साळुंके, आधी हॉटेलात स्वयंपाकी असलेला माणूस. सीताही तोच. लोकांनी वहाणा काढल्या त्या कुणापुढं? आणि मी तरी काय वेगळं केलं? ज्या माणसानं १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा देऊन आपल्याला देवांतून सोडवलं, त्यालाच मी धुरातून काढून देव केला.

आमचा हिंगोली जिल्हा चमत्काराचाच. नर्सीच्या नामदेवांना देवळापुढून हाकललं, ते मागं जाऊन कीर्तनाला उभे राहिले, तर औंढ्याचं अख्खं देऊळ फिरलं म्हणतात. देऊळ फिरलं. हाकलणाऱ्यांची डोकी फिरली का? ते कुणी विचारत नाही. चमत्कार आला की सवाल मरतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना परत बोलावलं. दोस्त भडकला. म्हणाला, “आपलीच फिल्म आपण मारायची का?” तरी मी सगळ्यांसमोर कापड टांगलं, फोटो लावला, शूट केला, करून दाखवलं. आजी पुढं आली. कापड चाचपलं.

“एवढंच व्हय रे?”

“एवढंच, आजी.”

“मंग काल ते आले नव्हते?”

माझा घसा सुकला. म्हणालो, “फोटो आला होता, आजी.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मंग त्या लेकराला वाचू दे की. फोटो कशाला आणला मधी?”

आम्ही तो सीन काढला. आता फिल्ममध्ये पोरगं नुसतं वाचतं. दोस्त अजून म्हणतो, तू फिल्म बिघडवली. त्याचंही एक खरं आहे, शिट्ट्या आता येत नाहीत.

पण दोस्तांनो, ही विद्या शिका. आज मोबाईलवर कुणाच्याही तोंडात कुणाचंही भाषण घालता येतं. उद्या बाबासाहेबांच्या तोंडात घालतील आणि आपलीच माणसं हात जोडतील. ट्रिक ज्याला करता येते, त्यालाच ती पकडता येते. बुद्धानं सांगितलं, ये आणि बघ. तेव्हा कापडाच्या मागंही जाऊन बघा. आणि बघितलं ते वस्तीला दाखवा.