उतारा

मराठीत 'उतारा' हा शब्द मोठा बहुरूपी आहे. शेतकऱ्याला तो सात-बाराचा आठवतो, वैद्याला विषावरचा, आजीला दृष्ट लागलेल्या नातवावरून ओवाळून तिठ्यावर ठेवावयाचा, आणि शाळकरी पोराला परीक्षेत पाच गुणांसाठी सोडवावयाचा. वयाची पस्तिशी गाठल्यावर आणि पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर टांगल्यावर यांपैकी शेवटचा उतारा पुन्हा माझ्या वाट्यास येईल, असे मला कधी वाटले नव्हते. परंतु तो आला खरा. गेली दोन वर्षे संध्याकाळचा तासभर मी इंग्रजी उतारे सोडवीत बसतो, आणि माझी तिसरीतली कन्या मोठ्या कौतुकाने विचारते, "बाबा, आज किती चुकले?"

आमचे बिऱ्हाड उरल्यास आहे. रायपूरच्या उत्तरेस असलेली ही कारखान्यांची वस्ती. नागपूरहून बदलीचा हुकूम घेऊन निघालो तेव्हा गावाचे नाव ऐकून एका मित्राने, "सगळे गेले आणि हा उरला!" अशी कोटी केली होती. येथे लोखंडाच्या सळया ओढणाऱ्या गिरण्या आहेत, स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत, आणि त्या साऱ्यांची मिळून एक काळी भुकटी आहे. ती दोरीवरच्या धोतरावर, तुळशीच्या पानावर आणि उघड्या पुस्तकावर सारख्याच निःपक्षपातीपणाने बसते. बिरगाव, भनपुरी, सिलतरा या बाजूंस राहणारे मजूर पाळी सुटली की रस्ता भरून जातात. त्यांत छत्तीसगढी असतात, ओडिशाचे असतात, बिहार व उत्तर प्रदेशाचे असतात. मराठी माणूस क्वचित दिसतो.

उतारे सोडविण्याचे प्रकट कारण म्हणजे खात्याची परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्यावाचून पुढली पायरी नाही, आणि तीत इंग्रजी आकलनाचे प्रश्न असतात. या तपश्चर्येत मला एक सोबती लाभला आहे. तो आमच्या कार्यालयातील बहुकार्य कर्मचारी. आपण ज्यास अजून शिपाई म्हणतो तो. बलौदा बाजारकडचा हा चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण मला 'भैया' म्हणतो आणि लिपिकाच्या जागेकरिता अभ्यास करतो. आम्ही एकाच कंदिलाखाली बसतो, असे लिहिण्याचा मोह होतो. पण येथे वीज चांगली आहे, तेव्हा तो आवरतो.

या उताऱ्यांचे जग मोठे मजेदार असते. आठ-दहा ओळींचा संसार! कोणी गृहस्थ छत्री विसरतो, कोणाची आगगाडी चुकते, कोणी म्हातारी शेजारणीला ताकीद देते. खाली चार-पाच प्रश्न आणि प्रत्येकास चार उत्तरे. त्या चारांपैकी एक उघड खोटे असते, एक अर्धे खरे असते, एक बरोबर असते. आणि चौथे असते ते सर्वांत घातक. ते जगात खरे असते, पण उताऱ्यात नसते. शहाणी माणसे बहुधा या चौथ्यावरच घसरतात. छत्री विसरलेला माणूस पावसात भिजला असेल असे आपण मानतो. उताऱ्यात पावसाचा थेंबही नसतो.

पण परीक्षा हे झाले प्रकट कारण. आतले कारण मी आजवर घरातही सांगितलेले नाही. आपणही माझ्यासारखेच परमुलखात सरकारी कागदांत आयुष्य घालवीत आहात, म्हणून येथे सांगतो.

२०१७ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दुपारच्या सुटीत मी कार्यालयाबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. ओडिशाकडचा एक मजूर हातात घडी घातलेले पत्र घेऊन आला. कारखान्यातले काम सुटल्यावर त्याने आपल्या भविष्यनिधीची रक्कम मागितली होती, त्याचे ते उत्तर होते. आमच्या कार्यालयाचा त्या विषयाशी काडीचा संबंध नव्हता. पण सरकारी पाटीखालून बाहेर आलेला माणूस म्हणजे शिकलेला, एवढे त्याला पुरेसे होते. "बाबूजी, इसमें क्या लिखा है?" त्याने विचारले. मी पेला न ठेवताच पत्रावरून नजर फिरविली. आपला दावा निकालात काढता येत नाही, असे इंग्रजी वाक्य दिसले. मी पत्र परत करीत म्हणालो, "पैसा नहीं मिलेगा." त्याने पत्राची पुन्हा तशीच घडी घातली, मला नमस्कार केला आणि तो गेला.

पाच महिन्यांनी तो परत दिसला. नव्या ठिकाणी कामास लागला होता. मला पाहताच हसत जवळ आला. नव्या ठेकेदाराच्या मुनशीने तेच पत्र वाचले होते आणि सांगितले होते की, कारखान्याच्या नोंदीत व ओळखपत्रात नाव निरनिराळे पडले आहे, तेव्हा मालकाच्या व तुझ्या सहीचे संयुक्त घोषणापत्र दे म्हणजे काम होईल. ते त्याने दिलेही होते. मधल्या काळात घरच्या लग्नासाठी त्याने बैलजोडी विकली होती, हे त्याने ओघात सांगितले. तक्रार म्हणून नव्हे. तो म्हणाला, "लगता है बाबूजी, नियम बदल गया."

मी पत्र मागून घेतले आणि या वेळी बसून वाचले. ज्या वाक्यावर मी पाच महिन्यांपूर्वी थांबलो होतो ते तेथे संपतच नव्हते. पुढे 'अनलेस' हा शब्द होता आणि त्याच्यामागे दीड ओळ होती. घोषणापत्र सादर केल्याखेरीज दावा निकालात निघणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पत्र नकाराचे नव्हतेच. ते वाट दाखविणारे होते.

नियम बदलला नव्हता, हे मी त्याला सांगावयास हवे होते. मी सांगितले नाही. "अच्छा हुआ," म्हणालो आणि कार्यालयात जाऊन बसलो. पुढे त्याला पैसे मिळाले असे कळले, आणि तो गावी गेला तो मला पुन्हा दिसला नाही.

मी पदवीधर. 'अनलेस'चा अर्थ मला ठाऊक नव्हता असे नाही. शाळेत त्याचे व्याकरण मी घोकले होते. मग माझी नजर त्याच्या अलीकडेच का थांबली? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. घाई व बेपर्वाई ही पहिली कारणे, आणि ती मी कोणावर लोटू इच्छीत नाही. पण आणखीही एक कारण असावे. आपल्या मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. 'तू घोषणापत्र दिले नाहीस, तर रक्कम मिळणार नाही' : अट आधी, निकाल नंतर. 'नाही' ऐकू आले की वाक्य संपले, अशी आपल्या कानाची लहानपणापासूनची समजूत. इंग्रजीत न्यायाधीश आधी शिक्षा सांगतो आणि सुटकेची अट मागाहून. मराठी कानाने इंग्रजी वाचणारा माणूस शिक्षा ऐकून न्यायालयाबाहेर पडतो. तेव्हापासून मी इंग्रजी वाक्य पूर्णविरामापर्यंत नेतो, आणि मग ते मनातल्या मनात मराठीच्या क्रमाने उलटे मांडून पाहतो. वेळ लागतो, पण चुका कमी होतात.

छापील उतारे संपल्यावर आम्ही एकमेकांसाठी उतारे रचू लागलो. परक्या देशातल्या छत्र्यांचा कंटाळा आला होता. म्हणून मी आमच्याच भूमीतला विषय घेतला. १८५६ साली दुष्काळ पडला, सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी एका व्यापाऱ्याचे धान्यकोठार उघडून उपाशी लोकांना धान्य वाटले, कंपनी सरकारने त्यांना कैद केले, ते निसटले, पुन्हा धरले गेले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना मृत्युदंड देण्यात आला, एवढी हकिकत मी दहा ओळींत लिहिली. प्रश्न असा घातला : सरकारने जमीनदारावर प्रथम कोणता आरोप ठेवला? माझ्या सोबत्याने खूण केली ती 'भुकेल्यांना अन्न दिले' या उत्तरावर. मी ते चूक ठरविताच तो उसळला. सोनाखान त्याच्या मुलखातले. नारायणसिंहांची गोष्ट त्याने आजीच्या मांडीवर ऐकलेली. "वह लूट नहीं थी, भैया!" तो म्हणाला. मी म्हटले, "लूट होती असे मीही म्हणत नाही. पण प्रश्न सरकार काय म्हणाले याचा आहे. आणि सरकार लूटच म्हणाले." तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आधी बोलतो आहे कोण, ते पाहायचे." आकलनाची इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात वाचलेली नाही. रायपुरात जयस्तंभ चौकातून जाताना मला ती आठवते; नारायणसिंहांना फाशी दिली ती हीच जागा, असे येथील लोक सांगतात.

पुढच्या आठवड्यात त्याने माझे उट्टे काढले. त्याचा उतारा भोसल्यांवर होता. बिंबाजी भोसले १७८७ साली वारल्यानंतर छत्तीसगढचा कारभार नागपूरहून नेमलेल्या सुभेदारांकडे गेला. अधिक रक्कम देण्याचे कबूल करणारास सुभा मिळू लागला. त्यामुळे सुभेदाराचे लक्ष वसुलीवर राहिले. प्रश्न : या पद्धतीचा रयतेवर काय परिणाम झाला असावा? उत्तर उताऱ्यात उघड लिहिलेले नव्हते, पण आंधळ्यालाही दिसावे असे होते. मी मात्र 'राज्यकारभारास शिस्त लागली' या उत्तरावर खूण केली! का केली? तर नागपूरच्या शाळेत भोसल्यांविषयी जे अभिमानाने शिकलो होतो, ते सारे माझ्या पेन्सिलीच्या टोकाशी येऊन बसले होते. १८५४ साली कंपनीने दत्तक नाकारून नागपूरचे राज्य खालसा केले, तो अन्याय मला तोंडपाठ. पण त्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या रयतेला सुभेदार कसा दिसत असेल, हा विचार पस्तीस वर्षांत माझ्या मनास शिवला नव्हता. सोबत्याने काही न बोलता तांबड्या शाईने फुली मारली. आठवडाभरापूर्वी मी त्याला जे ऐकविले तेच मला ऐकविण्याचा त्याला पुरता अधिकार होता. त्याने तो वापरला नाही.

अशा वेळी मला माधवराव सप्रे आठवतात. घरची भाषा मराठी, कर्मभूमी छत्तीसगढ. १९०० साली त्यांनी पेंडऱ्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले; पुढे दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले; १९२६ साली रायपुरातच त्यांचा अंत झाला. गीतारहस्यासारखा ग्रंथ दुसऱ्या भाषेत न्यायचा म्हणजे त्यातले एकेक वाक्य शेवटपर्यंत वाचणे आले. आपल्यासारख्या माणसास ग्रंथ नेण्याची शक्ती नसेल. पण कोणी पुढे केलेले एक पत्र या भाषेतून त्या भाषेत नीट नेणे, एवढे तरी हातून व्हावे.

परीक्षा पुढल्या महिन्यात आहे. कन्येच्या मते मला अजून पाचांतले चारच येतात. टपरीवर अधूनमधून कोणी पत्र घेऊन येतो. मी पेला खाली ठेवतो, बाकावर बसतो, पत्र दोनदा वाचतो, हिंदीत सांगतो, आणि मग त्यालाच विचारतो, "आता तू मला सांग, काय लिहिले आहे?" त्याने बरोबर सांगितले म्हणजेच चहाचा घोट घेतो. चहा बहुधा निवलेला असतो.