छकुलीच्या घड्याळानं गुहागर

वाचकहो, सात महिन्यांचं लेकरू घेऊन घाट उतरून कोकणात जायचं, असं मला कोणी दिवाळीत म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. यंदाच्या संक्रांतीनंतर आम्ही नेमके तेच केलं. ते कसं केलं, ते तुम्हाला सांगते. तुमच्याही घरात तान्हं असेल आणि कोणाला माहेरी, कोणाला देवाला जायचं असेल.

आमचं गाव कराडजवळ, नदीकाठचं. ऊस, सोयाबीन आणि दोन संकरित गायी एवढा पसारा. सूनबाई गुहागरकडची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ऐन दिवसांत तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. विहीणबाई त्यांच्या उशाशी अडकल्या, म्हणून बाळंतपण आम्हीच केलं. नात झाली. मोबाईलवर तिचं तोंड त्यांना रोज दाखवत होतो. पण मोबाईलमधलं लेकरू मांडीवर घेता येतं का? सूनबाई तोंडानं काही बोलत नव्हती. रात्री छकुलीला पाजताना मात्र पदरानं डोळे पुसायची, ते मला दिसायचं. तशात संक्रांतीच्या आधी विहीणबाईंचा फोन आला, की नातीचं बोरन्हाण इकडेच करू या का?

मी नाही म्हणाले. खोटं कशाला सांगू, चांगली फणकारून नाही म्हणाले.

त्याला कारण होतं. १९८२ साली माझी थोरली नऊ महिन्यांची होती. चैत्रात तिला काखेला मारून आम्ही जोतिबाला गेलो. एसटीत उभं राहायला जागा नाही, वर ऊन मी म्हणत होतं. वाटेत मिळेल ते पाणी आम्ही प्यालो आणि तिलाही पाजलं. दुसऱ्या दिवशी लेकीला जुलाब लागले. घरच्या जाणत्या बायका म्हणाल्या, दूध-पाणी बंद करा, म्हणजे जुलाब बंद होतील. आम्ही ऐकलं. संध्याकाळपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले, टाळू बसली, रडायचंही तिच्यात त्राण उरलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं तेव्हा कुठे चौथ्या दिवशी ती हसली. त्या तीन रात्री मी आजही विसरले नाही. जुलाबात लेकराला मारतं ते अंगातलं पाणी आटणं, आणि आम्ही तर पाणीच तोडलं होतं!

हे सगळं मी सूनबाईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मग तुम्हीच सांगा काय काय सांभाळायचं. आपण तसंच करू." यावर काय बोलणार?

आता बेत ठरू लागला. आमच्या मालकांना बेत म्हटलं की चेव येतो. त्यांनी कागदावर यादीच काढली : कोयनेचं धरण, परशुरामाचं देऊळ, डेरवणची शिवसृष्टी, हेदवीचा दशभुजा गणपती, वेळणेश्वर, जमलं तर गणपतीपुळे. सगळं दोन दिवसांत! पहाटे चारला निघायचं, म्हणजे "दिवस हाताशी येतो." सूनबाईनं त्यावर काही वाद घातला नाही. तिनं डेअरीच्या जुन्या दूधवहीची मागची पानं घेतली आणि आठ दिवस छकुलीचं सगळं लिहून काढलं : कधी उठते, कधी पिते, कधी पेंगते. वही पाहिल्यावर मीच चाट पडले. ज्या पोरीला आम्ही लहरी समजत होतो, ती घड्याळासारखी चालत होती. सकाळी नऊच्या सुमाराला दीड तास झोप, दुपारी एकनंतर पुन्हा दीड-दोन तास. मग सूनबाई म्हणाली, "ती झोपेल तेव्हा गाडी चालवायची, जागी असेल तेव्हा गाडी उभी." आमच्या गावापासून गुहागर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. एरवी गडी माणूस चार-साडेचार तासांत पोचतो. आम्ही पूर्ण दिवस धरला आणि यादीतलं एक कोयनानगर तेवढं ठेवलं. मालकांनी यादी घडी करून खिशात घातली, फाडली नाही.

गाडी पुतण्याची. त्याच्याकडे लहान मुलांची पट्ट्याची खुर्ची होती, तीही त्यानं दिली. तिच्यावरून मात्र माझं आणि लेकाचं वाजलं. एवढंसं लेकरू खुर्चीला बांधायचं? आजीची मांडी कशाला आहे? लेक म्हणाला, गाडी अचानक थांबली तर सात किलोचं लेकरू कोणाच्याच हातात राहत नाही. शिवाय २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला. तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी खुर्ची नसेल तर १,००० रुपये दंड आहे. खुर्ची मागच्या सीटवर, छकुलीचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, अशी घट्ट आवळली. मी गप्प बसले, पण मनातून पटलं नव्हतं.

पिशवी मात्र मी भरली. नाचणीचं सत्त्व कोरडंच घेतलं आणि उकळलेलं पाणी थर्मासात. म्हणजे लागेल तेव्हा ताजं शिजवल्यासारखं होतं. शिजवलेली खिचडी डब्यात घालून दिवसभर वागवू नका, ती विटते आणि लेकराच्या पोटाला तीच भोवते. सहा महिन्यांच्या आतलं लेकरू असेल तर काहीच न्यायचं नाही, आईचं दूध पुरे, वर पाणीसुद्धा नको. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही तर गुटीत सर्रास घालत होतो. जलसंजीवनीच्या पुड्या घेतल्या. पुडीवर लिहिलं असेल नेमकं तेवढ्याच पाण्यात ती विरघळवायची. थर्मामीटर, लसीचं कार्ड, चार जादा झबली, एक लोकरीचं टोपडं आणि एक सुती, कारण घाटमाथ्यावर गारठा आणि खाली दमट उकाडा. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर सगळ्यांच्या ध्यानात होताच. गाडी नसणाऱ्या भगिनींनो, एसटीनं गेलात तर मोठ्या स्थानकांत लेकराला पाजायला हिरकणी कक्ष असतो, लाजू नका, विचारा.

धारा काढून, गायी शेजारणीच्या हवाली करून साडेआठला निघालो. पाटण यायच्या आत छकुली झोपली. कोयनानगरला साडेदहाला डोळे उघडले, अगदी वहीत लिहिल्याबरहुकूम! नेहरू उद्यानात सतरंजी टाकली, तिनं पोटावर लोळून घेतलं, सत्त्व खाल्लं, प्याली. खुर्चीत फार वेळ जखडून ठेवणं बरं नव्हे. तिचंही अंग अवघडतं. आणखी एक. लेकरू झोपलंय म्हणून त्याला बंद गाडीत ठेवून पाय मोकळे करायला जाऊ नका. थंडीच्या दिवसांतही उन्हात उभी गाडी बघता बघता भट्टी होते.

पुढे कुंभार्ली घाट. घाटाच्या तोंडाशी थांबून सूनबाईनं तिला पाजलं आणि मगच खुर्चीत ठेवलं. चालत्या गाडीत पाजायचं नाही, हा तिचा नियम. एका वळणावर समोरून ट्रक आला आणि रस्त्यावर वानरांची टोळी. लेकानं कचकन ब्रेक दाबला. माझ्या मांडीवरचा थर्मास, जो मी दोन्ही हातांनी धरला होता, तो उडून पुढच्या सीटवर आदळला. मी शेजारी पाहिलं. छकुली पट्ट्यात जशीच्या तशी, झोपेत ओठ हलवत होती. खुर्चीबद्दल मी पुढे एक अक्षर काढलं नाही. घाट कोणाला लागला म्हणाल तर मालकांना. पोफळीच्या अलीकडे दोनदा गाडी थांबवावी लागली. एवढ्या लहान लेकरांना म्हणे सहसा गाडी लागत नाही. लागते ती याद्या करणाऱ्यांना!

चिपळूणला दीड तास विसावा घेऊन गुहागरच्या वाडीत पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. विहीणबाई बेड्यातच उभ्या. व्याही पडवीत खाटेवर. सूनबाईनं काही न बोलता छकुलीला त्यांच्या डाव्या बाजूला, ज्या हातात जीव होता त्या हाताशी, बसवलं. छकुलीनं अनोळखी म्हणून ओठ काढला, मग त्यांचं बोट धरून तोंडात घातलं. व्याह्यांच्या घशातून कसलासा आवाज आला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते आम्ही कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाटेसमोरच बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने. व्याह्यांच्या डाव्या मुठीत चुरमुरे दिले. हात थरथरत वर आला आणि निम्मे चुरमुरे त्यांच्याच गोधडीवर सांडले; उरलेले नातीच्या डोक्यावर पडले. ती खदाखदा हसली. बोरं आणि हलवा मी लगेच वेचून घेतला, घशात अडकायला एक दाणा पुरतो.

हेदवी राहिली, वेळणेश्वर राहिलं. दोन्ही दिवस त्याच पडवीत गेले. मालकांनी यादी काढून पाहिली आणि पुन्हा घडी केली, म्हणाले, पुढच्या वर्षी ती चालायला लागेल. येताना तोच रस्ता, तीच वही. घरी आलो तर छकुली ठणठणीत; थोरल्या गायीनं मात्र आमच्यावर रुसून दोन दिवस पान्हा चोरला.