तळीराम नसलेलं मंडळ

‘एकच प्याला’तला सुधाकर मध्ये एकदा दारू सोडतो, हे बरेच जण विसरतात. सोडतो, नोकरीसाठी वणवण करतो, अपमान गिळून परत येतो आणि पुन्हा पितो. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात त्याच्याभोवती माणसं कमी नाहीत. सोसणारी बायको सिंधू आहे, समजावणारा मित्र रामलाल आहे आणि प्यायला बसायचंच झालं तर तळीरामाचं अख्खं आर्यमदिरामंडळ आहे. सिंधू, रामलाल, तळीराम यांतलं कुणीही स्वतः पिऊन धुळीला मिळालेलं आणि त्यातून सुटलेलं मात्र नाही.

माझ्या चुलतभावासाठी, म्हणजे दादासाठी, दारू सोडायची जागा शोधताना हे नाटक सारखं आठवायचं. आमच्या घरात रामलाल भरपूर होते. दादा सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि संध्याकाळी व्हायचं ते व्हायचं. शेवटी डॉक्टर गाठले, ते बरंच झालं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. ते काम औषधांचं आणि डॉक्टरांचं. पुढचं काय, हा प्रश्न राहिला.

पत्ता मिळणं अवघड नव्हतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, सगळ्यांच्या तोंडी ए.ए. त्यांच्या मीटिंगा पुण्यात बऱ्याच ठिकाणी भरतात. फी नाही, आडनाव सांगायची गरज नाही. मीटिंगमध्ये एक पिशवी फिरते, सभासदाने जमेल ते टाकायचं. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत. (देणगीदारांच्या पाट्यांनी भिंती भरलेल्या या शहरात हे विशेषच.)

घोडं अडलं ते जवळच्या मीटिंगपाशी. “तिथे नको रे, कुणीतरी ओळखीचं भेटेल,” दादा म्हणाला. भीती खोटी नव्हती. आमच्या पेठेत माणूस साधा दळण घेऊन निघाला तरी वरच्या गॅलरीतून “काय, कुठे स्वारी?” असं येतंच. म्हणून आम्ही पार कॅम्पातली मीटिंग निवडली. तिथे दारातच मागच्या गल्लीतले एक काका भेटले. तेही ओळखीचं कुणी नको म्हणून तेवढ्या लांब येत होते.

ओपन मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं, म्हणून मी मागच्या बाकावर बसलो. एकेक जण उठून नाव सांगायचा, “मी दारुडा आहे” म्हणायचा आणि बोलायला लागायचा. बायकोचं मंगळसूत्र कसं विकलं, मुलाच्या शाळेत कुठल्या अवस्थेत गेलो, काल संध्याकाळी सातला जीव कसा कासावीस झाला. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. वक्त्याला नंतर एकही प्रश्न न विचारणारी सभा मी पुण्यात पहिल्यांदाच पाहिली.

ए.ए.ची सुरुवात अमेरिकेत अॅक्रन गावी 1935 साली झाली. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल काही महिने कोरडा होता. कामानिमित्त अॅक्रनला आला, व्यवहार फिसकटला, आणि हॉटेलच्या बारमधली गजबज कानावर येऊ लागली. त्याने फोन फिरवले ते आपल्यासारखाच एखादा पिणारा सापडावा म्हणून. सापडले डॉक्टर बॉब, पेशाने सर्जन. पंधरा मिनिटंच देईन म्हणणारे बॉब कित्येक तास बसून राहिले. बिल उपदेश करायला आलेला नव्हता, स्वतःला वाचवायला आला होता. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. रामलालला सुधाकरची गरज नव्हती. बिलला बॉबची होती.

व्यसनातून गेलेल्याने व्यसनीला सावरायचं, हे पुण्याने आपल्या पद्धतीने वेगळ्या जागीही घडवलं. गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, व्यसनावरचे अनिल अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये दिले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. ते उभं केलं मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचटांनी, 1997 साली त्या गेल्या, आणि पुढे कन्या मुक्ता पुणतांबेकरांनी धुरा घेतली. सुरुवात गर्दपासून, पण दारूचे पेशंटही येत गेले. तिथली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे बरे झालेल्या कितीतरी जणांना तिथेच काम मिळालं. समोर बसून “आता कसं वाटतंय?” विचारणाऱ्याचे हातही कधीकाळी तसेच थरथरलेले असतात. पेशंटला ते लगेच कळतं.

दादा मध्ये एकदा घसरला, एका लग्नात. पुन्हा मीटिंगला जायची त्याला लाज वाटत होती. तिथे “का प्यालास?” असं कुणी विचारलंच नाही, शेजारच्याने सरकून जागा करून दिली.

वहिनी आता अल-अॅनॉनला जाते, घरच्या माणसांसाठी असते त्या मीटिंगला. पहिले काही आठवडे ती तिथे फक्त दादाबद्दल बोलली. मग एकदा स्वतःच्या गुडघेदुखीबद्दल आणि सोडून दिलेल्या गाण्याच्या क्लासबद्दल बोलली, आणि घरी येऊन आम्हाला म्हणाली, “आज मजा आली.”

दादाने कॅम्प सोडलं. घराजवळच्याच मीटिंगला जातो, खुर्च्या मांडायचं काम त्याच्याकडे आहे. परवा गॅलरीतून नेहमीची विचारणा झाली. “मीटिंगला,” दादाने मान वर करून सांगितलं. वरच्यांना ती सोसायटीची वाटली. पाण्याच्या टाकीचा विषय आज काढाच, असं त्यांनी बजावलं.