कुंडलिकेच्या पाण्यावर दोन तास

दरवर्षी २० मार्चला मुंबई-ठाण्याकडून महाडला जाणारी आपली मंडळी मुंबई-गोवा महामार्गावरील कोलाड ओलांडूनच पुढे जातात. तेथे पुलाखालून वाहते ती कुंडलिका. बसमध्ये भीमगीते चालू असतात, मुलांना भूक लागलेली असते, नदीकडे कोण बघतो? पण याच नदीच्या वरच्या अंगाला, जंगलातून, रबरी होडीत बसून स्वतः वल्हे मारीत खाली येता येते. गेल्या फेब्रुवारीत आमच्या वस्तीतील मंडळाचे आम्ही नऊ जण मुद्दाम तेथे उतरलो. आपल्या कुटुंबांना उपयोगी पडेल म्हणून ही हकिगत.

कोकणातील बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटून दगडगोटे उघडे पडतात. कुंडलिका मात्र भर वैशाखातही खळाळते. याचे कारण सह्याद्रीच्या पलीकडे आहे. मुळशी धरणाचे पाणी खरे तर पूर्वेकडे, भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जायचे. ते डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे वळवले, कड्यावरून मोठ्या नळांतून खाली आणले आणि भिरा येथील टाटांच्या वीजघरात त्यावर जनित्रे फिरवली. हे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांना व गाड्यांना वीज हवी होती. त्यासाठी मुळशी खोऱ्यातील गावे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, पण धरण झालेच. वीज करून बाहेर पडलेले तेच पाणी सकाळी कुंडलिकेत सोडतात. म्हणजे या नदीचा पूर पावसावर अवलंबून नाही, वीजघराच्या वेळापत्रकावर आहे.

होड्या सुटतात त्या साजे गावाजवळून. कोलाडहून सुतारवाडीवरून भिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने तेथे पोहोचता येते. प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात एक वल्हे मिळाले. आमचा वाटाड्या जवळच्याच गावचा, विशीतला मुलगा. त्याने काठावर सर्वांना उभे करून सांगितले, ‘‘काका, मावशी, नीट ऐका. मी ‘फॉरवर्ड’ म्हटलं की पुढे वल्हवायचं, ‘स्टॉप’ म्हटलं की थांबायचं. कोणी पडलं तर घाबरायचं नाही. उताणं व्हायचं, पाय खाली जाणाऱ्या धारेकडे ठेवायचे. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दगडांत अडकला तर पाणी माणसाला खाली दाबतं.’’ मग त्याने प्रत्येकाच्या जाकिटाचे पट्टे स्वतः ओढून पाहिले.

साजेपासून खाली सुमारे बारा किलोमीटरचा प्रवास आहे. पात्र अरुंद, दोन्ही काठांना करंज, उंबर, जांभळाची झाडे पाण्यावर ओणवलेली. खळाळांची प्रतवारी १ ते ६ अशी करतात. कुंडलिकेचे खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे, म्हणजे नवख्यालाही झेपणारे. परंतु सुरुवातीच्या टप्प्यात ते एकामागून एक येतात. एक लाट अंगावर घेऊन तोंड पुसावे, तोच पुढची गर्जना ऐकू येते.

थोड्या वेळाने वाटाड्याने पाणी वाचायला शिकवले. पाण्यावर गुळगुळीत जिभेसारखा पट्टा दिसतो आणि त्याचे टोक प्रवाहाच्या दिशेला असते, तो होडीचा मार्ग. टोक उलट, आपल्याकडे असेल, तर तेथे खाली दगड आहे असे समजावे. मोठ्या दगडाच्या पाठीमागे पाणी उलटे फिरून शांत होते. तेथे होडी विसाव्याला लावतात. आमच्यापैकी बी.ए.ला असलेली एक मुलगी पुढे बसली होती. पाचव्या-सहाव्या खळाळापर्यंत तीच ओरडू लागली, ‘‘डावीकडे, डावीकडे!’’ वाटाड्या हसून म्हणाला, ‘‘ताई, माझी नोकरी जाणार.’’

अर्ध्या वाटेवर संथ डोह लागला. खंड्या पक्षी निळ्या पंखांनी सूर मारीत होता. वाटाड्या म्हणाला, ‘‘आता ज्याला हवं त्यानं उडी मारा. जाकीट बुडू देत नाही.’’ आमच्यापैकी एकालाही पोहता येत नव्हते. कोणी हलेना. आमच्यात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक बाई होत्या. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीमागच्या दगडखाणीतील पावसाच्या पाण्यात त्यांचा भाचा बुडाला. काठावर दहा-बारा जण होते. पोहता येणारा एकही नव्हता. त्यांनी होडीची दोरी धरली आणि सर्वांत आधी त्याच पाण्यात उतरल्या. दोरी सुटेपर्यंत दोन मिनिटे गेली असतील. मग त्या पाठीवर तरंगत आभाळाकडे बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. त्यांच्यामागून आम्ही सारे उतरलो.

आपल्यात पोहणारे इतके कमी का, याचा विचार वाचकांनी जरूर करावा. खेड्यात मूल पोहायला शिकते ते विहिरीत आणि तळ्यात. कमरेला सुका भोपळा बांधून बाप मुलाला ढकलतो आणि काठावर बसतो. आपल्या आजा-पणजांना त्या विहिरीचा काठही वर्ज्य होता. ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली चवदार तळ्यावर जावे लागले, तेथे पोहणे कोण शिकवणार? भिऱ्याचे वीजघर सुरू झाले तेच हे साल, आणि कोलाडपासून महाड पन्नास-पंचावन्न किलोमीटरच. तळ्याचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. पाण्यात उतरायची सवय मात्र आपली आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.

आता जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. दिव्याहून रोह्यापर्यंत मेमू गाडी आहे. रोह्याहून कोलाडला एस.टी. किंवा रिक्षा मिळते. होड्या सकाळी सुटतात, म्हणून आदल्या रात्री मुक्काम सोयीचा. दर दोन-तीन ठिकाणी विचारावा. दहा जणांचा गट असेल तर घासाघीस करता येते. साधारण चौदा वर्षांखालील मुलांना सहसा घेत नाहीत. हृदयविकार असणाऱ्यांनी व गरोदर भगिनींनी बसू नये. चष्म्याला दोरी बांधावी, दागिने घरी ठेवावेत. दारू पिऊन कोणीही होडीत पाय ठेवू नये, आणि तसा माणूस आपल्या गटात असेल तर त्याला काठावरच बसवावे. पात्र कोरडे दिसले तरी दगडांवर डबे सोडून बसू नका. वरून पाणी सोडले की पातळी झपाट्याने वाढते.

ज्यांना कोलाड परवडणार नाही त्यांनी आपल्या शहरात नगरपालिकेचा तरणतलाव कोठे आहे ते पाहावे. आमच्या मंडळाने मे महिन्यात मुलामुलींच्या पोहण्याच्या वर्गासाठी वर्गणी काढली. पहिले नाव त्या बाईंनी आपल्या मुलीचे दिले, दुसरे स्वतःचे.