बाबांचा मका

बाबा पुण्याहून आमच्याकडे मेक्सिको सिटीला आले आणि संध्याकाळी कोयोआकानच्या चौकात चक्कर मारायचा परिपाठच पडला. तिथे मक्याच्या गाड्या लागतात. काडीला खोचलेलं अख्खं कणीस म्हणजे एलोते, पेल्यातून मिळणारे शिजवलेले दाणे म्हणजे एस्कितेस. बाबांना मधुमेह आहे आणि मी आहारतज्ज्ञ. गाडीपाशी पोचलो की ते आधी मक्याकडे बघत, मग माझ्याकडे.

मका मी त्यांना कधी नाकारला नाही. इथला मका बहुधा पांढरा, टपोरा, स्वीटकॉर्नपेक्षा कमी गोड आणि पिठूळ. स्टार्च आहेच, रक्तातली साखर वाढणारच. पण दाणा अख्खा, सालासकट. तो चावून खावा लागतो, चोथाही पोटात जातो. खरी पंचाईत पुढे. गाडीवाल्या बाई विचारतात, "सगळं घालू?" हो म्हटलं की चमचा मेयोनेजच्या बरणीत बुडतो. मोठा चमचाभर मेयोनेजच्या ९०-१०० कॅलरी, जवळजवळ सगळ्या तेलाच्या. १०० ग्रॅम उकडलेल्या मक्याच्याही साधारण तेवढ्याच! आणि बाईंचा हात सढळ. म्हणून मेयोनेज बंद. लिंबू मात्र भरपूर, आणि तिखट बाबांच्या मर्जीने.

वर भुरभुरायचं कोतिहा चीज मी ठेवलं. मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन कमी पडतात, ती उणीव चीज थोडी भरून काढतं. ते चांगलंच खारट असतं, तेव्हा वरून मीठ नको, असं बाईंना आठवणीने सांगायचं.

"मग तोर्तियाही मक्याचीच ना?" बाबांनी विचारलं. मक्याचीच, पण तिचा वाळका मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात. त्याने दाण्यात अडकलेलं नायसिन मोकळं होतं, कॅल्शियमही वाढतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही. जिथे गरिबांचं पोट मक्यावरच चाले, त्या उत्तर इटलीत नायसिनच्या कमतरतेने होणाऱ्या पेलाग्रा रोगाने माणसं खंगली. हे शहाणपण इथल्या बायकांनी हजारो वर्षं पाट्या-वरवंट्यावर जपलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाबांशी ठरलं ते इतकंच: एलोते खाल्लं त्या रात्री तोर्तिया नाही. ताटात काळ्या घेवड्याची आमटी, म्हणजे लायसिनची सोय झाली, आणि नोपालची, निवडुंगाच्या कोवळ्या फड्यांची भाजी. ती बुळबुळीत लागते म्हणून बाबा कुरकुरतात, पण संपवतात.