'डफरिन'ची मुले आणि 'बहादूर'ची मुले

फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळत होते. ते इंग्रजांच्या तोफांनी पेटवले, आणि त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने उभे होते, हे मराठी इतिहासवाचकाला नव्याने सांगायला नको. त्याच वर्षी लंडनमध्ये घडलेली एक गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. जोनास हॅनवे नावाच्या व्यापाऱ्याने तेथे 'मरीन सोसायटी' ही संस्था स्थापन केली. गरीब, निराधार मुले गोळा करायची, त्यांना अंगभर कपडे द्यायचे आणि राजाच्या आरमारात पाठवायचे, हे तिचे काम.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. जळालेली गलबते पुन्हा बांधता येतात. कोकणात लाकूडही होते आणि कसबी सुतारही. परंतु चौदाव्या वर्षी दोरखंडावर चढलेला मुलगा पस्तिसाव्या वर्षी जहाजाची जबाबदारी पेलण्याजोगा होतो, आणि ही वीस वर्षे पैसे टाकून विकत मिळत नाहीत. इंग्लंडने मुलांची सोय आधी लावली. आपल्याकडे ती पुन्हा लागायला १९२७ साल उजाडावे लागले. विषय लांबचा आहे, सावकाश वाचावा.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या लढाऊ जहाजांना नांगर टाकून त्यांच्या शाळा करण्याची पद्धत रूढ झाली. १८५९ मध्ये मर्सी नदीवर 'कॉनवे' आणि १८६२ मध्ये थेम्सवर 'वूस्टर' ही दोन नावाजलेली जहाजे उभी राहिली. मुख्यतः व्यापारी जहाजांचे अधिकारी घडवण्यासाठी त्या शाळा होत्या, पण आरमारालाही त्यांतून माणसे मिळत. 'वूस्टर'वर १८७० च्या दशकात तोगो हेइहाचिरो नावाचा एक जपानी तरुण शिकून गेला. पुढे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचे आरमार बुडवणारा तो हाच. एका आशियाई देशाने आपला माणूस शिकायला पाठवला आणि तीस वर्षांत त्याचे फळ घेतले. हिंदुस्थान तर साक्षात साम्राज्याचा भाग होता. त्याच्या मुलांसाठी ते दार उघडे नव्हते.

म्हणजे हिंदी माणूस समुद्रावर नव्हता असे नाही. तो हजारोंनी होता. रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान तर पिढ्यान्‌पिढ्या 'रॉयल इंडियन मरीन'च्या जहाजांवर राबत आले होते. खलाशी, तांडेल, सारंग एवढीच त्यांची शिडी. सारंगाच्या वर गोरा अधिकारी सुरू होई. वारा, भरती-ओहोटी आणि खडक ज्याला पाठ आहेत अशा सारंगाने विशीतल्या साहेबाचे हुकूम झेलावेत, ही त्या जहाजांची रीत होती. अधिकारी व्हायचे तर प्रमाणपत्र हवे, प्रमाणपत्रासाठी समुद्रावर उमेदवारी हवी, आणि उमेदवार घेणे जहाज कंपन्यांच्या मर्जीवर. त्या कंपन्या ब्रिटिश. मनाई करणारा कायदा लिहिण्याची गरजच नव्हती.

५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. आज हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतले होते. कंपनीच्या 'सिंदिया' या नावामागची कथा तीच. भांडवल हिंदी होते आणि मालकही हिंदी. पण जहाज चालवण्याचे प्रमाणपत्र असलेले हिंदी अधिकारी देशात जवळजवळ नव्हते. स्वदेशी जहाजाचे सुकाणू परक्याच्या हाती, ही गोष्ट डोळ्यांत खुपणारीच होती.

मग सभा, ठराव, प्रश्न असा तो काळ सुरू झाला. १९२२ मध्ये सर शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हिंदी व्यापारी नौकादलाचा विषय मांडला. १९२३ मध्ये कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्या शिफारशींत दोन गोष्टी वजनदार होत्या. मुलांसाठी प्रशिक्षण जहाज सुरू करावे, ही एक. आणि किनाऱ्यालगतचा व्यापार हळूहळू हिंदी जहाजांसाठी राखून ठेवावा, ही दुसरी. सरकारने पहिली स्वीकारली, दुसरी बाजूला ठेवली. सरकारची हुशारी येथे दिसते. मुलांना शिकवायला हरकत नाही. शिकून त्यांनी काम करायचे कोठे, ते मात्र त्यांचे त्यांनी पाहावे!

या अर्ध्या होकारातून 'डफरिन' आली. माजी व्हाइसरॉयच्या नावाची ही सैन्यवाहू बोट १९०४ मध्ये इंग्लंडातील बॅरो येथे बांधली गेली होती आणि पहिल्या महायुद्धात राबून थकली होती. १९२७ मध्ये तिचे रूपांतर शाळेत झाले आणि माझगावच्या धक्क्यासमोर ती नांगरली गेली. प्रवेशासाठी देशभरातून मुले परीक्षेला बसत. मद्रासकडचा, बंगालचा, पंजाबचा, पुण्या-मुंबईचा मुलगा प्रथमच एका छपराखाली, खरे तर एका डेकखाली, आला. इंग्रजी शाळांत प्रांतांची सरमिसळ होत असे, नाही असे नाही. पण पाण्याने वेढलेल्या शाळेतून सुटीच्या घंटेला घरी पळता येत नाही.

अशा जहाजांवरचा दिनक्रम कोठेही साधारण सारखाच. पहाटे उठायचे, डेक घासायचा, पितळ लखलखीत करायचे. सकाळी वर्ग: गणित, नौकानयन, हवामान. दुपारी हातांचे शिक्षण: गाठी मारणे, वल्ही मारणे, झेंड्यांचे संदेश वाचणे, शिडाची लहान होडी वाऱ्यावर धरून ठेवणे. वेळ कळायची घंटेवरून. दर अर्ध्या तासाला एक ठोका वाढत जाऊन चार तासांनी आठ ठोके पुरे झाले की पाळी बदलायची. घरी ज्याने पाण्याचा तांब्याही उचलला नसेल अशा मुलाला येथे स्वतःचे कपडे धुवावे लागत आणि वरच्या वर्गातील मुलाचा हुकूम मुकाट्याने पाळावा लागे. या शिस्तीत काही वाईटही असते. मोठ्या मुलांची दादागिरी हा जगभरच्या कॅडेट शाळांचा जुना रोग आहे, आणि 'त्याने माणूस घडतो' हे समर्थन बहुधा दादागिरी करणारेच पुढे करतात.

पहिल्याच तुकडीत सोळा वर्षांचा रामदास कटारी होता. जन्म १९११, मद्रास इलाख्यातील चेंगलपट्टूचा. अभ्यासक्रम पुरा केल्यावर त्याला काम मिळाले ते आरमारात नव्हे. कलकत्त्याच्या बंदरासाठी हुगळी नदीच्या सर्वेक्षणाचे. हुगळी ही सतत वाळू सरकवणारी, जहाजांना फसवणारी नदी, म्हणजे काम हलके नव्हतेच. पण नौदलाचे अधिकारपद अजून दूर होते. १९२८ मध्ये डी. एन. मुखर्जी हे रॉयल इंडियन मरीनमधील पहिले हिंदी अधिकारी झाले, तेही अभियंता शाखेत. १९३४ मध्ये त्या दलाचे 'रॉयल इंडियन नेव्ही' झाले, तरी अधिकाऱ्यांच्या भोजनकक्षात हिंदी चेहरे बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. कटारींना दार उघडले ते दुसऱ्या महायुद्धाने. राखीव दलातून ते आरमारात शिरले, आणि २२ एप्रिल १९५८ रोजी भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षे नौदलप्रमुख इंग्रजच होता, याचे आजच्या वाचकाला आश्चर्य वाटते. त्याचे कारण १९२७ या सालात आहे. अशी माणसे तयार व्हायला तीस वर्षे लागतात, आणि घड्याळ उशिरा सुरू झाले होते.

येथवरची गोष्ट यशाची आहे आणि ती अभिमानाने सांगितली जाते. परंतु त्याच समुद्रावर त्याच वयाच्या मुलांसाठी आणखी एक दार होते. ते अधिक रुंद होते आणि त्यातून आत गेलेल्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

कराचीच्या बंदराबाहेर मनोरा नावाचे ठिकाण आहे. तेथे 'एचएमआयएस बहादूर' ही किनाऱ्यावरची शाळा होती. अधिकाऱ्यांची नव्हे, 'बॉईज'ची. मिसरूड न फुटलेल्या वयात भरती होऊन पुढे नाविक व्हायचे, अशी ही वाट. महायुद्ध सुरू झाले तेव्हा नौदलात दोन हजारांच्या आतच नाविक होते. युद्ध संपताना संख्या पंचवीस हजारांवर गेली होती. एवढी माणसे थोड्या वर्षांत आणायची म्हणजे भरतीच्या जाहिराती गोड असणारच. जग पाहायला मिळेल, हुन्नर शिकायला मिळेल, युद्धानंतर चांगली नोकरी मिळेल. गावोगावचे शिकलेले पोरगे त्यावर विश्वासले.

साम्राज्याला किशोरवयीन नाविकांचे कौतुक नव्हते असे म्हणता येणार नाही. ३१ मे १९१६ च्या जटलंडच्या लढाईत 'चेस्टर' जहाजावरचा सोळा वर्षांचा जॅक कॉर्नवेल जबर जखमी होऊनही तोफेजवळून हलला नाही. तो मेल्यावर त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याचे चित्र इंग्लंडच्या शाळाशाळांत लागले. मेलेल्या मुलाचे कौतुक सोपे असते. 'बहादूर'ची मुले जिवंत होती, आणि त्यांना बरे जेवण, बरोबरीचा पगार आणि शिव्यांशिवाय दिलेले हुकूम हवे होते.

१८ फेब्रुवारी १९४६. मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन शाळेतील नाविकांनी निकृष्ट जेवण नाकारून संप पुकारला. त्यांच्या वरिष्ठाने काढलेल्या घाणेरड्या उद्गारांनी आधीच आग लागलेली होती. संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. काही दिवस आधी भिंतींवर घोषणा रंगवून अटक झालेले बलाई चंद दत्त आणि त्यांच्यासारखे बहुतेक जण विशीच्या आसपासचे. मागण्यांत पगार आणि जेवण होते, तसेच आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा माघारी बोलावणे हेही होते. ज्यांना फक्त तारायंत्र वाजवायला शिकवले, ती मुले साऱ्या जगाच्या बातम्या ऐकत होती.

कराचीत 'हिंदुस्तान' जहाजाने संपाचा झेंडा उचलला आणि मनोऱ्यावरच्या 'हिमालय', 'चमक' या शाळांबरोबर 'बहादूर'ही त्यात उतरली. ज्यांना आज्ञापालनाचे धडे देण्यासाठी शाळा काढली, त्या मुलांनी आज्ञा मोडली. २२ फेब्रुवारीच्या सकाळी 'हिंदुस्तान'वर किनाऱ्यावरून तोफा डागल्या गेल्या आणि जहाज शरण आले. मुंबईत त्याच दिवशी परळ-लालबागेच्या गिरणी भागात गोळीबार झाला. त्या दिवसांत शहरात दोनशेहून अधिक सामान्य माणसे मेली. २३ तारखेला, सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर, नाविकांनी काळे झेंडे चढवले.

पुढे चौकशी झाली आणि शेकडो नाविक बडतर्फ झाले. दीड वर्षात देश स्वतंत्र झाला, दोन झाला. पण बडतर्फांना ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या. नव्या सरकारांनाही शिस्त हवी होती, हे कारण समजण्यासारखे आहे. पण ज्या मुलाने विसाव्या वर्षी स्वातंत्र्यासाठी नोकरी गमावली, त्याला स्वातंत्र्याने 'शिस्तभंग' हा शेरा तसाच ठेवून दिला, आणि ते पटत नाही.

फाळणीत मनोऱ्याच्या शाळा पाकिस्तानकडे गेल्या. भारताला मुलांचे शिक्षण नव्याने उभारावे लागले. १९४९ मध्ये देहरादूनजवळ तिन्ही दलांच्या कॅडेटांचे एकत्र शिक्षण सुरू झाले आणि पुढे ते खडकवासल्याला आले. १९४८ च्या कायद्याने एनसीसी स्थापन झाली आणि १९५२ मध्ये तिची नौदल शाखा निघाली. कॉलेजच्या मैदानात पांढऱ्या गणवेशात कवायत करणारी आजची मुले-मुली त्याच शाखेतली. 'डफरिन' १९७२ मध्ये 'राजेंद्र'ला जागा देऊन निवृत्त झाली, आणि १९९३ पासून तो वारसा नवी मुंबईत नेरुळच्या 'चाणक्य'मध्ये, आता जमिनीवर, चालू आहे.

मध्ये एक दिवस नोंदवण्यासारखा आहे. १८ डिसेंबर १९६१, गोवामुक्तीची मोहीम. नौदलप्रमुख कटारी, ताफ्याचे प्रमुख भास्कर सदाशिव सोमण. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरलेल्या तुकडीतील सात नाविक पोर्तुगीज गोळीबारात पडले. कटारी आणि सोमण ही नावे इतिहासप्रेमी तरुणांना पाठ असतात. त्या सातांतले एक तरी नाव आठवते का, पाहावे.

१९४६ च्या नाविकांची आठवण मात्र बऱ्याच उशिरा झाली. कुलाब्यात त्यांचे स्मारक उभे राहिले. आणि ज्यांना परत घेतले नव्हते त्या मदन सिंग आणि बी. सी. दत्त यांची नावे भारतीय नौदलाने आपल्या दोन बोटींना दिली. त्या युद्धनौका नव्हेत, टग आहेत: बंदरात मोठ्या जहाजांना दोर लावून ओढणाऱ्या आणि धक्क्याला नीट लावून देणाऱ्या.