"बाळू, माझी म्हस चिपळूणला कवा गेली रं?"

२०२१ च्या गणपतीतली गोष्ट. सकाळी साडेसहाला मामांचा फोन. झोपेत मला वाटलं, मामांचं काहीतरी बिनसलंय. मग कळलं, नातवानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला होता. मागं पावसाचा आवाज, बासरी, आणि एक भारदस्त आवाज कथा वाचतोय. चिपळूणच्या पुरात एक म्हातारा आपल्या म्हशीचं दावं कापतो, ती कथा. मामांनी निम्मी ऐकली आणि मला फोन लावला.

"आणि ही गौरी कोन? आपली तर चंद्री हुती."

परवा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर तीच कथा पुन्हा आली, या वेळी 'लेखक अज्ञात' म्हणून. म्हणून हे लिहितोय. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी कथेबद्दल. मामा प्रयाग चिखलीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं काय केलं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हायवे बंद, शाहूपुरीत बोटी. चिखलीत लोक घर सोडेनात, कारण दावणीला जनावरं. माणसाला बोटीत घेतील, म्हशीला कोण घेणार? मामांनी शेवटी परड्यात छातीभर पाण्यात उभं राहून विळ्यानं चंद्रीचं दावं कापलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली. मग एनडीआरएफच्या बोटीत बसले. वळून बघितलं नाही म्हणाले.

पाणी उतरल्यावर मी गेलो तेव्हा मामा रिकाम्या गोठ्यातला चिखल फावड्यानं ओढत होते. हे सगळं त्यांनी मला तेव्हा सांगितलं. मी विचारलं, यावर लिहू का? म्हणाले, लिही, पण चंद्रीचं नाव बदलू नको.

आता महत्त्वाचं. खरी चंद्री परत आली नाही. कुठं गेली, कुणाला सापडली का, काही कळलं नाही. कथेत मात्र मी तिला परत आणली. चौथ्या दिवशी, उसाच्या फडातून, गळ्यात कापलेल्या दाव्याचा तुकडा, आणि पाय चिखलानं असे माखलेले की म्हातारा आधी तिला ओळखतच नाही. ती त्याला ओळखते. हे घडलेलं नाही. मी मामांसाठी रचलेलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये इथंच, माझ्या भिंतीवर टाकली ती कथा. मामांना वाचून दाखवली तेव्हा ते नुसतं "हूं" म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

मग २०२० चा लॉकडाऊन आला. घरी बसलेला अख्खा महाराष्ट्र फॉरवर्ड करत होता. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एका दुपारी माझी कथा आली. खाली नाव: व. पु. काळे. त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. एकानं लिहिलं, "काय लिहायचे वपु! आता असे लेखक नाहीत."

मी लिहिलं, अरे ही माझी कथा आहे. उत्तरादाखल तीन हसरे चेहरे. मी लिहिलं, वपु २००१ मध्ये गेले, कथेत २०१९ चा पूर आहे, एनडीआरएफची बोट आहे. त्यावर एक मित्र म्हणाला, "मग वपुंना आधीच दिसलं असणार!" मीसुद्धा हसलो. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. वपुंच्या नावावर खपली म्हणजे बरी लिहिली असेल, असा एक चोरटा आनंद. पण वपुंचा विचार करा की. जन्मभर मुंबईच्या मध्यमवर्गाचं जगणं लिहिलेला माणूस, आणि मेल्यावर त्याच्या नावावर कुणाकुणाचे सुविचार, कुणाच्या कविता आणि आता चिखलीची म्हस. पु. लं.चंही तेच. मोठ्या लेखकाचं नाव हा फॉरवर्डच्या बाजारातला शिक्का झालाय. नाव लावलं की माल खपतो.

तेव्हा मी गप्प बसलो. ती माझी चूक.

कारण वर्षभरात तीच कथा चिपळूणला पोचली. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीला पूर आला, आणि महिन्याभरात हा व्हिडिओ. पंचगंगेची वाशिष्ठी केली, चिखलीचं चिपळूण केलं, चंद्रीची गौरी. परड्याचं अंगण, वैरणीचा चारा. कथा 'लेखन व वाचन' अशा दोन शब्दांखाली चॅनेलवाल्यानं स्वतःच्या नावावर घेतलेली. पण कॉपी करणाऱ्या पोरानं शेजारच्याचा रोल नंबरही उतरवावा तसं झालं होतं. एका ठिकाणी 'प्रयागाच्या देवळाची पायरी' तशीच राहिली होती. आणि म्हैस परत येते ती उसाच्या फडातून! चिपळूणच्या बाजारपेठेच्या मागं उसाचा फड! कमेंटमध्ये शेकडो लोक रडत होते, एकालाही ऊस खटकला नाही.

मी त्याला मेसेज केला. सभ्यपणे. उत्तर आलं, "सर, पूर काय तुमच्या मालकीचा आहे का? आम्ही साहित्य लोकांपर्यंत पोचवतो. पाहिजे तर खाली सौजन्य म्हणून तुमचं नाव टाकतो."

सौजन्य! माझ्याच कथेत मी सौजन्य.

पण त्याचा पहिला प्रश्न डोक्यात राहिला. पूर माझ्या मालकीचा नाहीच. म्हातारा, म्हैस, दावं, हेही त्या आठवड्यात करवीर आणि शिरोळ तालुक्यात किती घरांत झालं असेल. मग माझं नक्की काय चोरीला गेलं? वकील मित्राकडं गेलो. त्यानं एक जुना खटला सांगितला, तो इथं सांगण्यासारखा आहे. दिल्लीचे नाटककार आर. जी. आनंद यांनी १९५३ मध्ये 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक लिहिलं, विषय प्रांतवाद. १९५६ मध्ये 'न्यू दिल्ली' हा सिनेमा आला, विषय तोच. आनंद कोर्टात गेले. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला आणि आनंद हरले. कोर्ट म्हणालं, कल्पनेवर, विषयावर, इतिहासात घडलेल्या गोष्टीवर कुणाचा कॉपीराइट नसतो. तो असतो मांडणीवर. आणि नक्कल ओळखायची कशी? तर दोन्ही कृती अनुभवलेल्या माणसाला दुसरी बघताना ही पहिलीचीच नक्कल आहे असं स्वच्छ वाटलं पाहिजे.

मामांनी सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचलेला नाही. साडेसहा वाजता निम्मा व्हिडिओ ऐकून त्यांनी तो लावला.

आणि तिथंच मला माझं उत्तर मिळालं. पूर सगळ्यांचा. दावं कापणं मामांचं. पण चौथ्या दिवशी उसातून परत येणारी चंद्री माझी, कारण ती आलीच नव्हती. बातमीदार ते लिहू शकत नाही, दुसरा पूरग्रस्त ते सांगू शकत नाही. ते खोटं मी एका माणसाचं तोंड बघून रचलं. गौरीसुद्धा चौथ्याच दिवशी आली, उसातूनच आली, गळ्यात दाव्याचा तुकडा घेऊनच आली.

मित्रानं आणखी एक समजावलं, जे बऱ्याच लिहिणाऱ्यांना माहीत नसतं. कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं त्या क्षणी हक्क तयार. आणि १९५७ च्या कायद्यात कलम ५७ आहे: कॉपीराइट विकून टाकला तरी 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा हक्क लेखकाकडं राहतो. हिंदीतल्या मन्नू भंडारींनी 'आपका बंटी'चे सिनेमाचे हक्क दिले होते, तरी सिनेमात केलेल्या बदलांवर त्या दिल्ली हायकोर्टात गेल्या, आणि १९८६ मध्ये कोर्टानं हे कलम कराराच्याही वर ठेवलं. म्हणजे पैसे घेऊन हक्क दिलेल्या लेखिकेलाही एवढं संरक्षण. मी तर कुणाला काही दिलंच नव्हतं.

कागदावर सगळं छान आहे. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. एका पोलीस ठाण्यात जाऊन बसलोही. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "गोष्टच गेलीय न्हवं? मोटरसायकल तर न्हाई ना गेली?" चहा मात्र पाजला.

दावा लावायचा तर त्याची सोय आहे. कलम ६२ प्रमाणे लेखक जिथं राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, चोर कुठलाही असो. म्हणजे आमचं कसबा बावडा. आता तर कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंचही आलंय. पण दावा कुणावर लावणार? चॅनेलला नाव होतं ते टोपणनाव. पत्ता नाही. २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टानं टेलिग्रामला, क्लासच्या नोट्स चोरून वाटणाऱ्या चॅनेलवाल्यांची माहिती द्यायला लावली. तिथं फिर्यादी मोठ्या क्लासच्या मॅडम होत्या, मागं वकिलांची फळी होती. एका कथेसाठी हे कोण करणार? मित्र म्हणाला, फी सोड, पण जाण्या-येण्याचे दिवस मोज.

शेवटी साइटचा तक्रारीचा फॉर्म भरला. कायद्यात तशी तरतूद आहे: मालकानं लेखी तक्रार केली की ते काढून ठेवायचं, आणि २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आला नाही तर परत चढवता येतं. माझं नशीब, त्या पठ्ठ्यानं पुढं काही केलं नाही. व्हिडिओ गेला. त्याच्याबरोबर त्या शेकडो कमेंटही गेल्या, याचं मला उगीचच वाईट वाटलं.

खरा दणका मात्र चॅनेलवाल्यानं दिला नाही. पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकानं जुन्या-नव्या कथा मागवल्या, मी ही पाठवली, आधी कुठं टाकली होती ते कळवून. संपादकांचा फोन आला. आवाजात संकोच. "ही कथा आम्ही व्हॉट्सॲपवर वाचलेली आहे. वपुंच्या नावानं आणि बिननावाची, दोन्ही. तुम्ही म्हणता तुमची आहे. आमची अडचण समजून घ्या." मी २०१९ च्या पोस्टची लिंक दिली, तारीख दाखवली. ते म्हणाले, फेसबुकवर कुणीही काहीही टाकतं हो. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. पण दोन दिवस मला जेवण गेलं नाही. चोर कोण ठरला? मी.

हे सांगितलं की लोक विचारतात, कोण असेल रे पहिला, नाव काढणारा? मला वाटत नाही तो कुणी बदमाश असेल. कुणीतरी बाई किंवा बाप्या, कथा आवडली, कॉपी केली, वरचं नाव निवडीत आलं नाही. दुसऱ्याला मिळाली तेव्हा नाव नव्हतंच. तिसऱ्याला वाटलं, एवढी बरी म्हणजे वपुच. कुणीच चोरी केली नाही आणि कथा चोरीला गेली. मीही काय धुतल्या तांदळाचा नाही. खांडेकर आमच्या कोल्हापूरचे, राजारामपुरीत राहिले, 'ययाति'नं मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून दिलं, हे मी पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगतो. त्याच 'ययाति'ची पीडीएफ लॉकडाऊनमध्ये मला आली आणि मी ती पुढं चार जणांना पाठवली. खांडेकर १९७६ मध्ये गेले, कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. तेव्हा हे ठाऊक नव्हतं म्हणून सुटका होत नाही. निदान त्या पीडीएफवर खांडेकरांचं नाव होतं, एवढंच.

परवा कॉलनीच्या ग्रुपवर कथा टाकणाऱ्या काकूंना मी खासगीत मेसेज केला. त्यांनी लगेच फोन केला, बिचाऱ्या घाबरल्या होत्या. "अहो, मला असंच आलं होतं हो. तुम्ही लिहिता हे माहीतच नव्हतं." मग त्यांनी ग्रुपवर माझं नाव टाकून पुन्हा पाठवली. नावाचं स्पेलिंग चुकलंय, पण असो.

मामांना ते सांगायला चिखलीला गेलो. व्हिडिओ गेल्याचं मागंच सांगितलं होतं, पण वयामुळं विसरतात. पुन्हा सगळं सांगितलं. म्हणाले, "म्हंजे आता चंद्री चिखलीतच हाय न्हवं?" म्हटलं, हो मामा.

मूळ कथा पहिल्या कमेंटमध्ये दिली आहे, २०१९ च्या तारखेसकट. आवडली तर खाली शेअरचं बटण आहे, ते दाबा, म्हणजे नाव आपोआप जातं. कॉपी करायचीच असेल तर वरची ओळही निवडा. आणि कुणाकडं अजून तो वपुंवाला फॉरवर्ड असेल, तर मला स्क्रीनशॉट पाठवा. गोळा करतोय, पुढच्या दिवाळी अंकाच्या संपादकांना दाखवायला.